खाऱ्या वाऱ्यातलं मीठ

मे महिन्यात एरंडोलला दुपार कलली की पश्चिमेकडून वारा सुटतो. अंजनी नदीचं पात्र तोवर आटलेलं असतं, रस्ते ओस पडलेले असतात. तापीकाठच्या एखाद्या केळीच्या बागेत गेलात तर हा वारा दिसायच्या आधी ऐकू येतो. तो आवाज असतो पानं चिरल्याचा. केळीचं पान वाऱ्याशी भांडत नाही. ते शिरांच्या रेषेत फाटतं, त्याच्या झिरमिळ्या होतात, आणि वारा त्यांतून निघून जातो. शेतकरी बागेच्या कडेनं शेवरी लावतात, गजराज गवत लावतात. तरी मृगाच्या तोंडावर एखादं वावधन येतं आणि घड लागलेली झाडं ओळीनं आडवी करून जातं. इथल्या माणसाला वाऱ्याबद्दल विचारा, तो नुकसानीबद्दल बोलू लागेल.

त्यामुळे समुद्रावर वाऱ्याची वाट बघत बसणारी माणसं असतात, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला गंमत वाटली होती. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर, पर्थ शहराजवळ, उन्हाळ्यातल्या दुपारी समुद्रावरून इतका नेमानं गार वारा येतो की उकाड्यानं हैराण झालेल्या लोकांनी त्याचं नाव ‘फ्रीमँटल डॉक्टर’ ठेवलं. त्याच्या भरवशावर तिथं रॉटनेस्ट बेटापासून मुख्य भूमीपर्यंत सुमारे २७ किलोमीटरची वल्हवण्याची शर्यत होते. शर्यतीचं नावही ‘द डॉक्टर’च. त्या दिवशी वारा पडला तर स्पर्धक हिरमुसतात.

दुसरी एक शर्यत याहून विलक्षण आहे. बहामातल्या बिमिनी बेटावरून जूनमधल्या एका मध्यरात्री माणसं अरुंद फळ्यांवर उभी राहतात, हातात एकच लांब वल्हं घेतात आणि अंधारात अमेरिकेच्या फ्लोरिडा किनाऱ्याकडे निघतात. अंतर सुमारे १३० किलोमीटर. २०१३ पासून चाललेल्या या उपक्रमात पहिला कोण आला याला फारसं मोल नाही. प्रत्येकानं आपल्या गणगोताकडून, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून देणगी गोळा केलेली असते. पैसा जातो सिस्टिक फायब्रोसिस नावाच्या, मुख्यतः फुप्फुसं निकामी करणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांसाठी. हा आजार आणि खारा वारा यांचं एक नातं आहे. त्याकडे आपण शेवटी येऊ.

आपल्या किनाऱ्यावरही अशी वल्ही चालली आहेत. मुंबईच्या कौस्तुभ खाडे यानं २०१५ साली एकट्यानं कयाकमधून मुंबई ते गोवा हे चारशेहून अधिक किलोमीटरचं अंतर कापलं. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात तो पुन्हा निघाला. या वेळी गुजरातपासून थेट कन्याकुमारीपर्यंत. तो पाण्यातून, आणि त्याची साथीदार शांजली शाही किनाऱ्याच्या रस्त्यानं सायकलवरून. थंडीच्या दिवसांत कोकण किनाऱ्यावर दुपारचा वारा वायव्येकडून येतो, म्हणजे दक्षिणेला निघालेल्याच्या उजव्या खांद्यामागून. पाठीवर हात ठेवून कुणी पुढे ढकलावं तसा.

आता प्रश्न असा की हे ढकलणं होतं कसं? हवा तर इतकी विरळ, की पाणी तिच्याहून सुमारे आठशेपट जड. तिनं पाण्याचे डोंगर उभे करावेत आणि त्या डोंगरांनी माणसाला खांद्यावर घ्यावं, हा काय प्रकार आहे?

सुरुवात उन्हापासून करावी लागते, आणि उन्हाबद्दल बोलायचा अधिकार खानदेशाइतका कुणाला असेल? शाळेत भूगोलाच्या तासाला आम्ही घोकलं होतं: दिवसा समुद्राकडून जमिनीकडे वाहतात ते खारे वारे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहतात ते मतलई वारे. समुद्र आमच्यापासून सरळ रेषेत अडीचशे किलोमीटर. गुरुजींनीही सांगून टाकलं होतं, ‘खारे वारे किनाऱ्यापुरते, आपल्याकडे येत नाहीत.’ आम्ही ते उत्तरपत्रिकेपुरतं लक्षात ठेवलं.

कारण मात्र घरातल्या माठाइतकं साधं आहे. एक किलो कोरडी माती जितक्या उष्णतेत चार-पाच अंशांनी तापते, तितक्याच उष्णतेत एक किलो पाणी जेमतेम एक अंशानं तापतं. शिवाय समुद्रात ऊन खोलवर शिरतं, लाटा पाणी घुसळत राहतात, आणि बरीचशी उष्णता बाष्प करण्यातच खर्ची पडते. म्हणून सकाळी दहा-अकरापर्यंत वाळू चटके देऊ लागते आणि समुद्र मात्र पहाटेइतकाच गार असतो. तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होऊन वर चढते, तिथला दाब उतरतो, आणि ती जागा भरायला समुद्रावरची गार, जड हवा आत सरकते. तिसऱ्या प्रहरी ती भरात येते, आणि दिवेलागणीनंतर ओसरते. कोळी नाखव्यांनी हे वेळापत्रक कित्येक पिढ्या वापरलं. पहाटेच्या मतलईवर शीड उभारून बाहेर जायचं, दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर घरी यायचं. येण्याजाण्याचं भाडं सूर्यानं भरायचं.

हीच गोष्ट मोठ्या मापात केली की उन्हाळ्यातला भारत दिसू लागतो. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशीला टेकतो. अशीच देशाच्या पोटातली सगळी जमीन तापते, तिच्यावरचा दाब उतरतो, आणि समुद्रावरची हवा भूमीकडे ओढली जाते. आमच्याकडे तिला आत यायला एक दरवाजाही आहे. सह्याद्रीची भिंत उत्तरेला तापीच्या खोऱ्यापाशी संपते, पलीकडे सातपुडा उभा राहतो, आणि मधली वाट पश्चिमेला उघडी. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांचं रान उभं आहे ते उगाच नाही. केळीची पानं फाडणारा वारा आणि कोकणातल्या होडीला हात देणारा वारा, दोघांच्या मागे तापलेली जमीन आहे. त्या जमिनीत आमचीही थोडी आली.

वारा झाला. आता लाट. आरशासारख्या पाण्यावरून झुळूक गेली की आधी बारीक सुरकुत्या उमटतात, गरम दुधावर फुंकर घातल्यावर येतात तशा. गुळगुळीत पाण्यावरून वारा घसरून जात होता. सुरकुती पडली की त्याला धरायला जागा मिळते. तो लाटेच्या पाठीवर दाबतो, माथ्यावरून उसळी घेतो आणि पुढच्या बाजूला दाब कमी पडतो. लाट वाढते. वाढलेली लाट आणखी वारा अडवते, म्हणून आणखी वाढते. ती किती मोठी होणार हे तीन गोष्टी ठरवतात: वाऱ्याचा वेग, तो किती तास वाहिला, आणि मोकळ्या पाण्यावर त्याला किती लांब धावायला मिळालं. आमच्याकडच्या पद्मालयाच्या तळ्यावर कितीही वारा सुटला तरी कमळाची पानं उलटण्यापलीकडे फारसं काही घडत नाही, कारण तिथं वाऱ्याला धावायला जागाच नाही. अरबी समुद्रात हजारो किलोमीटर मोकळे पडले आहेत.

आणि लाट म्हणजे धावत आलेलं पाणी, हा आपला समज तर साफ चुकीचा. उभ्या गव्हाच्या शेतावरून वारा गेला की सोनेरी लाट या बांधापासून त्या बांधापर्यंत जाते. पण गव्हाची एक काडीही जागा सोडत नाही, प्रत्येक काडी आपल्या जागी वाकते आणि उभी राहते. समुद्रात पाण्याचा प्रत्येक कण असाच जागच्या जागी एक गोल फेरी मारतो आणि जवळपास तिथंच परत येतो. पुढे जाते ती फक्त ऊर्जा. खाली जाल तशा या फेऱ्या लहान होत जातात, आणि लाटेच्या निम्म्या लांबीइतक्या खोलीवर सगळं जवळजवळ निवांत असतं.

वल्हवणाऱ्याला हवी असते ती हीच धावती ऊर्जा. तीन-तीन सेकंदांच्या अंतरानं येणाऱ्या, वाऱ्यानं नुकत्याच उठवलेल्या लाटा घ्या. खोल पाण्यात अशा दोन लाटांच्या माथ्यांमधलं अंतर सुमारे १४ मीटर असतं आणि प्रत्येक लाट तासाला जवळपास १७ किलोमीटर वेगानं पळते. दमदार वल्हवणारा सपाट पाण्यावर आठ-नऊ किलोमीटरनं जातो. म्हणजे लाट त्याला दुप्पट वेगानं मागे टाकणार. मग तो तिला पकडतो कसा?

इथं निसर्गानं एक मजेशीर सोय करून ठेवली आहे. लाटा एकेकट्या फिरत नाहीत, घोळक्यानं जातात, आणि खोल पाण्यात घोळक्याचा वेग त्यातल्या लाटांच्या बरोबर निम्मा असतो. आमच्याकडची लग्नाची वरात आठवा. बँडच्या तालावर वरात मुंगीच्या पावलांनी सरकते, पण तिच्यातली पोरं मागून नाचत नाचत पुढे येतात, पुढे पोचली की दमून बाजूला होतात, आणि मागून नवी येतात. लाटांचंही तसंच. घोळक्याच्या शेपटीला लाट जन्मते, पुढे पळते, आघाडीला पोचते आणि विरते. लाटेचा वेग १७, तर घोळक्याचा साडेआठ. आणि साडेआठ हा नेमका माणसाच्या वल्ह्याचा वेग! म्हणून कसलेला वल्हवणारा एका लाटेच्या मागे ऊर फुटेस्तोवर धावत नाही. तो वरातीसोबत राहतो. मागची लाट फळीचं शेपूट उचलते तेवढ्या क्षणी चार-पाच जोरकस हात मारतो, फळीचं नाक उतारावर कललं की वल्हं थांबवतो आणि घसरगुंडीसारखा खाली येतो. ती लाट निसटली की घोळक्यातली पुढची शोधतो. पाहणाऱ्याला तो वाऱ्याशी झुंजताना दिसतो. प्रत्यक्षात त्याचे हात बराच वेळ विसावलेले असतात.

वारा समोरून आला की मात्र हिशेब फिरतो. वारा पडलेला असताना तुम्ही आठच्या वेगानं जात असाल तर छातीवर आठचीच झुळूक लागते. समोरून वीसचा वारा असेल तर छातीवर अठ्ठावीस आदळतात. वेग साडेतीनपट झाला. पण हवेचा दाब वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे रेटा बारापट! अशा वेळी फळीवर उभा असलेला माणूस स्वतःच एक शीड होतो, तेही नको त्या दिशेचं. म्हणून जाणते लोक मुकाट्यानं गुडघे टेकतात. वारा बाजूनं असेल तर आणखी वेगळं संकट. होडीचं नाक संथ पाणी कापत जातं, तिथं पाणी तिला दोन्ही बाजूंनी घट्ट धरून ठेवतं. शेपटाखालचं पाणी ढवळून सैल झालेलं असतं. वारा मग ते सैल शेपूट बाजूला लोटतो आणि होडी आपणहून वाऱ्याकडे तोंड फिरवते. ती सरळ ठेवण्यात अर्धी ताकद जाते. कयाकच्या मागे छोटंसं सुकाणू किंवा पाण्यात उतरणारी पट्टी लावतात ती यासाठीच.

आणि वारा प्रवाहाच्या विरुद्ध असेल तर सगळ्यात वाईट. बिमिनी आणि फ्लोरिडा यांच्या मधून गल्फ स्ट्रीम नावाचा उबदार प्रवाह उत्तरेकडे वाहतो. दक्षिणेचा वारा असला तर प्रवाह आणि लाटा एका दिशेनं जातात, प्रवास सुखाचा. उत्तरेचा वारा सुटला की समोरून येणाऱ्या लाटा प्रवाहावर चेंगरतात, आखूड होतात, उंचावतात आणि भिंतीसारख्या उभ्या राहतात. वारा तितकाच, समुद्रही तोच, पण होडी उलटते.

वारा काय करू शकतो याचा एक हिशेब एका मराठी माणसाच्या नावावर मांडून ठेवलेला आहे. चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही हे पाण्याचा टँकर बघितलेलं गाव. तिथला दत्तू भोकनळ वडिलांसोबत विहिरी खणायचा. वल्हं त्यानं हातात धरलं ते सैन्यात भरती झाल्यावर, आणि २०१६ साली तो रिओ ऑलिंपिकच्या पाण्यात एकट्याच्या नौकेत बसला होता. ६ ऑगस्टला पहिली फेरी. त्या दिवशी वाऱ्यानं तळं इतकं खवळलं होतं की सर्बियाची दोघांची नौका उलटली. दुसऱ्या दिवशीच्या सगळ्या शर्यती वाऱ्यामुळे पुढे ढकलाव्या लागल्या. त्या खवळलेल्या पाण्यात दत्तूला २००० मीटरला ७ मिनिटं २१ सेकंद लागले. आठवड्यानं, त्याच तळ्यावर, तेवढ्याच अंतराला लागले ६ मिनिटं ५४ सेकंद, आणि तो एकूण तेरावा आला. मधले सत्तावीस सेकंद सगळेच वाऱ्याच्या खात्यावर टाकता येणार नाहीत, शर्यतीगणिक डाव बदलतात. पण मोठा वाटा त्याचाच. दोन वर्षांनी आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेत त्यानं सुवर्णपदक मिळवलं.

दत्तूच्या नौकेतलं वल्हं नौकेला खिळलेलं असतं आणि वल्हवणारा पाठ पुढे करून बसतो. ध्येय त्याला दिसतच नाही. फळीवरच्या किंवा कयाकच्या शर्यतीतलं वल्हं मोकळं असतं आणि तोंड पुढे. दोन्हींचं मर्म मात्र एकच. नवशिक्याला वाटतं आपण पाणी मागे ढकलतोय. जाणकार सांगतो, पातं पाण्यात रोव आणि होडीला त्याच्यापाशी ओढून घे. ही ओढ दंडातून येत नाही, कमरेतून आणि पाठीतून येते. विहिरीतून भरलेली बादली शेंदताना आपल्या आयाबाया कंबरेतून कशा वळायच्या ते आठवा. नुसत्या दंडानं शेंदणारी दहाव्या बादलीला थकते.

या ओढीनं वैद्यकशास्त्राचा एक पक्का समज मोडला. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत बहुतेकदा काखेतल्या लसग्रंथीही काढाव्या लागत. त्यामुळे हाताला सूज येण्याचा धोका असतो, म्हणून डॉक्टर सांगत: त्या हातानं जड उचलू नका, जोराची कामं करू नका. कॅनडातल्या व्हँकुव्हरमधले डॉक्टर डॉन मॅकेन्झी यांना हे पटेना. १९९६ साली त्यांनी या आजारातून उठलेल्या २४ बायकांना ड्रॅगन बोटीत बसवलं. ओळीनं दोघी दोघी, प्रत्येकीच्या हातात वल्हं, आणि पुढे ढोल. महिन्यांमागून महिने वल्हवूनही भीती होती तशी सूज वाढली नाही. उलट बायका ताठ झाल्या, हसू लागल्या, आणि मोसम संपल्यावर घरी बसायला तयार होईनात. आज अशा बोटी अनेक देशांत आहेत. इतरांसाठी पैसा उभा करणाऱ्या शर्यती जगभर असतात. या बोटींत मदत घेणारी आणि वल्हं मारणारी एकच.

आता राहिलेली गोष्ट, मिठाची.

१९४८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली. उष्माघातानं रुग्णालयात आलेल्या मुलांमध्ये सिस्टिक फायब्रोसिसची मुलं फार होती. पॉल दी सांत’आन्येझे या डॉक्टरांना प्रश्न पडला, हीच का? शोध घेतल्यावर दिसलं की या मुलांच्या घामात मीठ प्रमाणाबाहेर आहे. युरोपात जुनी समजूत होती की ज्या बाळाच्या कपाळाची पापी खारट लागते ते जगत नाही. आता तिचं कारण सापडलं. घामाची ती तपासणी या आजाराच्या निदानासाठी आजही करतात. पेशींच्या आवरणातलं मीठ ये-जा करण्याचं दारच या आजारात बिघडलेलं असतं. त्यामुळे घामातून मीठ वाया जातं, आणि फुप्फुसात मीठ हवं तिथं पोचत नाही म्हणून पाणीही येत नाही. तिथला कफ डिंकासारखा घट्ट होतो.

पुढचा धागा ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर सापडला. तिथल्या डॉक्टरांच्या ध्यानात आलं की या आजाराचे जे रुग्ण समुद्रावर लाटांशी खेळतात त्यांचा श्वास इतरांपेक्षा मोकळा असतो. फुटणाऱ्या लाटांच्या खाऱ्या तुषारांत श्वास घेतला की मीठ फुप्फुसाच्या नळ्यांवर बसतं, मिठाच्या ओढीनं पाणी बाहेर येतं, कफ पातळ होऊन सुटतो. लोणच्याच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की त्यांना पाणी सुटतं, तोच नियम. २००६ साली सिडनीच्या डॉक्टरांनी १६४ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. सात टक्के मिठाचं, म्हणजे समुद्राच्या जवळपास दुप्पट खारट पाणी वाफाऱ्यासारखं श्वासातून दिलं तर आजार उसळण्याचे प्रसंग कमी होतात, हे त्यात दिसलं. मिठाच्या पाण्याचा हा वाफारा आता अनेक देशांत नेहमीच्या उपचारांत आहे. बिमिनीहून निघालेली माणसं ज्या तुषारांत रात्रभर भिजतात, तेच त्यांनी जमवलेल्या पैशांच्या पलीकडे बसलेल्या रुग्णाचं औषध आहेत.

तुषार तयार कसे होतात हेही पाहण्यासारखं आहे. लाट फुटते तेव्हा फेसात असंख्य बुडबुडे अडकतात. प्रत्येक बुडबुडा वर येऊन फुटला की त्याच्या पापुद्र्याच्या चिंध्या उडतात, आणि पोकळी मिटताना मधून पाण्याची एक सुई उसळते. त्या थेंबांतलं पाणी वाऱ्यावर वाळतं आणि डोळ्यांना न दिसणारा मिठाचा कण हवेत उरतो. जड कण किनाऱ्यालगत पडतात, तिथल्या खिडक्यांचे गज गंजवतात. हलके कण वर चढतात आणि वाऱ्यासोबत कित्येक दिवस राहतात.

ढगाला हेच हवं असतं. वाफेला पाणी व्हायला बसायला काहीतरी बैठक लागते, आणि मिठाइतकी पाण्याची ओढ फार थोड्या वस्तूंना. पावसाळ्यात मिठाच्या बरणीचं झाकण उघडं राहिलं की काय होतं ते प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक आहे. अरबी समुद्रावरून येणाऱ्या मोसमी ढगांतले कितीतरी थेंब अशाच समुद्री मिठाच्या कणाभोवती जमायला सुरुवात होते.

दर वर्षी जूनमध्ये पश्चिमेकडून आभाळ भरून येतं, धूळ उडते, वावधन सुटतं, आणि कपाशी लावायला थांबलेली माणसं ओट्यावर येऊन वर बघतात. मीही बघतो. पहिले टपोरे थेंब तापलेल्या मातीवर पडतात तेव्हा त्यांतल्या एखाद्याच्या पोटात, कुठल्याशा किनाऱ्याजवळ फुटलेल्या लाटेचा मिठाचा कण असतो. तो इतका लहान की जिभेला कळणार नाही. गुरुजींनी सांगितलं होतं, खारे वारे आपल्याकडे येत नाहीत. परीक्षेपुरतं ते बरोबरच होतं.